कुमुदताई नसताना काय थांबतं

सोमवारी सकाळी कुमुदताईंच्या पाठीला वीतभर शेपटी जोडली आणि तिच्यावर थेंबभर औषध सोडलं. दुखलं नाही. एकोणतीस वर्षं त्या प्रयोगशाळेत भांडी धूत होत्या. प्रथिन काय करतं हे कळायला त्याला अशीच खूण जोडतात, औषध सोडलं की पेशी आपणहून ते चावून टाकते, हे त्यांना नळ्या विसळता विसळता पाठ झालं होतं. इथे चावायचं काम धुण्याच्या खोलीतलं पिंप करी.

"काय थांबतं ते बघायचं, एवढंच," प्रयोगशाळेच्या प्रमुख रेगे मॅडम म्हणाल्या. "थांबलं की औषध धुऊन काढू. दुपारपर्यंत तुम्ही परत तयार."

"आणि नाही थांबलं तर?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग कशाला धुवायचं, कुमुदताई?"

भांडारातल्या पारकरांना गेल्या आठवड्यात पिंपानं घेतलं, तेव्हा इमारतीत कुणालाच तहान लागेना. घाईघाईनं धुतलं त्यांना. परत आले तेव्हा टाचा जरा ओल्या होत्या, इतकंच. तेव्हापासून ऐट काय विचारता!

"तुमचं कठीण आहे बरं का," ते दारातून म्हणाले. "भांडी काय, कुणीही घासतं."

पिंपाची वेळ अकराची. ताईंनी नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. खरकट्या नळ्या पडून राहिल्या, की सगळं ठप्प. पण हाताखालची विमल कालच तापातून उठली होती, आणि सगळं तिच्यावर पडणार होतं. ताईंनी आठवड्याची भांडी धुतली, ओव्हनमध्ये वाळवली, कपाटात रांगेनं लावली. कुठल्या बाटलीचं झाकण अडतं तेही चिठ्ठीवर लिहिलं.

"ताई, राहू द्या ना घाण! जीव जाईल तुमचा!"

"तू बस गं. अंग बघ अजून केवढं कढत आहे."

अकराला पिंपानं शेपटी धरली. ताई दोऱ्यासारख्या उलगडत आत जाऊ लागल्या. आत मणी सुटे होऊन पडल्याचा आवाज येत होता. मॅडम घड्याळ घेऊन उभ्या.

"धुतलेल्या नळ्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत!" विमल ओरडली. "एकही नाही! सगळं थांबलंय!"

मॅडमनी कपाट उघडलं. रांगा लखलखत होत्या. त्यांनी टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

पिंपाबाहेर आता ताईंचा उजवा हात तेवढा उरला होता. तो पिंपाच्या काठावरचा ओघळ पुसत होता.