जिन्याची सरासरी

माझ्या बाबांनी मंत्र्याला गोळी घातली की नाही, यावरून आम्ही चौघं अकरा वर्षं दर रविवारी सकाळी भांडतोय. बाकीचे तिघं हौसेने भांडतात, मी पोटतिडकीने. खटला उभा राहायच्या आधीच बाबा पोलिस कोठडीत वारले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळेत मला ‘खुन्याची पोर’ म्हणायचे. आता पन्नाशी उलटली, शिलाईचं स्वतःचं दुकान आहे, तरी माझी पाठ वळली की कुजबुज होतेच. होऊ दे. मान मी फक्त मशीनवर खाली घालते.

त्या रविवारी निकाल लागणार होता. आमच्यातल्या लायब्ररीवाल्या बाई या खुनावर आम्ही लिहिलेलं पुस्तक छापायला देणार होत्या आणि शेवटच्या प्रकरणात बाबांच्या नावापुढे ‘खुनी’ लिहायचं की ‘निर्दोष’, एवढंच राहिलं होतं. दातांचे डॉक्टर पहिल्यापासून ‘खुनी’वाले. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले काका ‘निर्दोष’वाले. बाई ना इकडच्या ना तिकडच्या, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. बैठक त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती, जिथे पूर्वी शर्टांचा कारखाना होता आणि बाबा कामाला होते. आता तिथे रिकामी खोकी ठेवतात.

वाद जिन्यावर येऊन अडकला होता. गोळी याच कारखान्याच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सुटली. मागच्या दारावरच्या पहारेकऱ्याने जबानी दिली, की आवाजानंतर बरोब्बर एका मिनिटाने बाबा बाहेर आले. सुट्टीची घंटा द्यायची म्हणून त्याची नजर घड्याळावरच होती. पोलिस म्हणाले, गोळी झाडून पळत खाली आले. बाबा म्हणाले, मी तळमजल्यावरच बटणं लावत होतो. काकांचं म्हणणं, तिसऱ्या मजल्यावरून एका मिनिटात खाली येताच येत नाही. त्यांनी स्वतः तीनदा मोजून सरासरी काढली होती, चौऱ्याहत्तर सेकंद. तक्ता इतका देखणा, की पाहूनच माझा जीव भांड्यात पडला होता.

त्या दिवशी बाकीचे यायच्या आधी काकांनी मला शेवटच्या पडताळणीसाठी बोलावलं. मी खाली घड्याळ घेऊन उभी राहिले, वरून त्यांनी टाळी वाजवली. मग एक पायरी, मग ‘आई गं’, मग दुसरी पायरी. कठडा घट्ट धरून, उजवा गुडघा सांभाळत काका उतरले. चौऱ्याहत्तर! काका खूश. इंच न् इंच मोजणारा हा सरळ माणूस, पण मोजताना आपण सत्तरीचे आहोत हेच विसरला.

बैठक सुरू झाली. बाईंनी तक्ता वाचला आणि ‘निर्दोष’ लिहायला पेन उघडलं. बेचाळीस वर्षं मी त्या शब्दाची वाट पाहिली होती. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? पण मी रफू करते. विरलेल्या कापडावर घातलेला टाका तिथूनच उसवतो, हे मला रोज दिसतं.

“काका, हे तुमच्या गुडघ्यांचं माप आहे,” मी म्हटलं. “बाबा तेव्हा चौतीस वर्षांचे होते.”

काकांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे बघवेना, मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. डॉक्टरांना मात्र जोर चढला. साठी ओलांडलीय, पण रोज पोहतात आणि ते सगळ्यांना सांगतात. मी करून दाखवतो म्हणाले, बूट काढले आणि धडाधडा खाली पळाले. मी कठड्यावरून वाकून घड्याळ धरलं. एकोणपन्नास सेकंद. धापा टाकत, पण छाती फुगवून वर आले आणि बाईंना म्हणाले, झालं, आता लिहा खुनी.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाईंच्या हातून वही ओढली, संशयितांचं पान काढलं. त्यावर अकरा वर्षांपासून एकच नाव, बाबांचं. त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, दातांचे डॉक्टर, एकोणपन्नास सेकंद.

“हे काय?” डॉक्टर म्हणाले.

“पुरावा. माझ्या बाबांविरुद्ध आहे, तेवढाच.”

“अहो, मी त्या दिवशी या गावात नव्हतोच.”

“बाबाही म्हणाले होते, मी वर नव्हतोच. त्यांचं कोणी ऐकलं?”

बाईंनी मला विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं, माहीत नाही, असं लिहा. मलाही माहीत नाही, बाई. मी त्यांची लेक आहे, साक्षीदार नाही. आणि हेही लिहा, की कोर्टात एक शब्द बोलायच्या आधी तो माणूस पोलिसांच्या ताब्यात मेला. ते मात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे. काकांनी आपला तक्ता फाडला आणि ‘मंजूर’ म्हणून हात वर केला. बाईंनी लिहायला घेतलं.

जाताना डॉक्टर माझ्याजवळ थांबले. हळूच म्हणाले, तेवढं माझं नाव खोडून टाका, बरं दिसत नाही.

म्हटलं, रांगेत उभे राहा, डॉक्टर. आधी बाबांचा नंबर आहे.