मोरीत घसरलो म्हणायचं

झाकून ठेवण्यात गयाबाईचा हात धरणारं पालेगावात कुणी नव्हतं. घरातलं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे सासूने तिला पढवलेलं.

एका सकाळी नवऱ्याला, भगवंतला, फिट आली. जन्मात पहिल्यांदा. दातखीळ बसली, अंग ताठलं. शुद्धीवर आला तो उजवा हात पोटाशी धरून कण्हतच. आणि नेमकी त्याच आठवड्यात लेकीला, तेजस्वीला, बघायला बदलापूरची माणसं येणार होती. बापाला फिट येते म्हटल्यावर सोयरीक कसली जुळते?

"मोरीत घसरलो म्हणायचं," गयाबाईने बजावलं.

दवाखान्यात तो तसंच म्हणाला. डॉक्टरने समोरून एक एक्स-रे फोटो काढला, हाड शाबूत दिसलं. मुका मार म्हणून हात गळ्यात बांधला. पडल्यावर खांदा निखळतो तो बहुतेक पुढे. भगवंतचा गेला होता मागे. असा क्वचितच जातो, फिट आली किंवा विजेचा झटका बसला तर, आणि समोरच्या फोटोत भल्याभल्यांना चकवतो. फिट म्हटलं असतं तर डॉक्टरने बाजूनेही फोटो काढला असता. पण म्हणणार कोण?

सोयरीक जमली, पेढे वाटले. हात काही बाहेर वळेना. भगवंत गवंडी, गिलाव्याची थापी मारायची कशी? "अंग चोरताय," असंही गयाबाई एकदा बोलून गेली. जळो ती जीभ, असं तिला आता रोज वाटतं.

दोन महिन्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिरात त्याने तीर्थासाठी हात पुढे केला. तळवा वर होईना. तीर्थ मनगटावरून सांडलं. तेव्हा कुठे गयाबाईने त्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं.

उल्हासनगरच्या हाडांच्या डॉक्टर नीलिमा मॅडमनी काखेतून फोटो काढला.

"काका, फिट आली होती?"

भगवंतने बायकोकडे पाहिलं. एवढं होऊनही तो तिच्या होकाराची वाट बघत होता.

"आली होती," गयाबाई म्हणाली. "मीच नको म्हटलं सांगायला."

"खांदा मागे निखळलाय. तेव्हाच कळतं तर भूल देऊन ओढून बसवला असता. आता खांद्याच्या गोळ्याला खाच पडलीय, ऑपरेशन लागेल. तरी पूर्ण वळेल असं सांगत नाही मी. आणि फिटच्या गोळ्या आजपासून सुरू."

ऑपरेशन झालं. बदलापूरकरांनाही कळलंच. त्यांनी नुसती मान हलवली, मोडलं काही नाही. एवढ्यासाठी झाकलं होतं सगळं.

कन्यादानाला भगवंतने लेकीच्या हातांवर ओंजळ धरली. डावा तळवा पसरला, उजवा अर्ध्यात अडला. गयाबाई झारीने पाणी सोडत होती. ते लेकीच्या हातावर न पडता बाजूने पाटावर गेलं.

"राहू द्या, चालतं," भटजी म्हणाले.

गयाबाईने झारी डाव्या हातात घेतली, उजवा हात नवऱ्याच्या तळव्याखाली लावला आणि पाणी पुन्हा सोडलं.