दुसऱ्या टोकापर्यंत धाव

आमच्या मिनेसोटातल्या गावात चर्च दोन, आणि देवाची कृपा नेमकी कुणावर होते या वादावरून दोन्हीकडच्यांत वर्षानुवर्षं अबोला. यंदा कशीबशी एकत्र सहल ठरली, तर माझ्या फिरत्या कॅमेऱ्यासमोर मंडळी उभी राहिली तीही दोन टोकांना. रॅग्नहिल्ड डावीकडे, नवऱ्याच्या चर्चबरोबर. तिची धाकटी बहीण टोरबोर्ग पार उजवीकडे, दुसऱ्या चर्चबरोबर. टोरबोर्ग सोमवारी कायमची कॅनडाला चालली होती, आणि दोघी बहिणींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता.

"तिकडे जाऊन उभी राहिलीस तर याद राख," रॅग्नहिल्डचा नवरा अँडर्स तिच्यावर गुरगुरला.

"नाही हो, तुमच्याच शेजारी उभी राहते," ती म्हणाली आणि मला डोळा मारला.

मी काय ते ओळखलं. माझा कॅमेरा तिवईवर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत एकच लांबलचक फोटो काढतो. तो पुढे सरकला की मागचा माणूस मोकळा. शाळेतली वात्रट पोरं रांगेमागून पळत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभी राहतात. पण ही साठीची बाई, गुडघे दुखणारी. मी तोंड मिटून घेतलं. खरं सांगायचं तर मला उकळ्या फुटत होत्या.

"सरळ रांग नको, माझ्याभोवती कमान करा. नाहीतर फोटोत मधलेच फुगलेले दिसाल," असं ओरडून मी कळ दाबली.

कॅमेरा घरघरत निघाला. रॅग्नहिल्डला ओलांडून गेला मात्र, तिने झगा गोळा केला आणि रांगेमागून धूम ठोकली. डोक्यांच्या वर तिची टोपी उड्या मारत होती. पळ बाई, पळ.

मध्यावर टोपी दिसेनाशी झाली. बाई पडली होती. हलायचं नाही असं मीच बजावलेलं, त्यामुळे सगळे पुतळे. कॅमेरा थांबवला तर फोटो वाया.

तेवढ्यात डावीकडून अँडर्स सुटला. "वेडी का खुळी तू, ऊठ," असं ओरडत त्याने तिला बखोटीला धरून उचललं आणि उजवीकडे ओढत नेलं. टोरबोर्गने बहिणीला मिठी मारली आणि कॅमेरा त्यांच्यावर आला. अँडर्सला बाजूला व्हायला सवडच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी अँडर्स एकटाच माझ्या फोटोच्या दुकानात आला. ओल्या फोटोत डावीकडे अँडर्स ताठ उभा. उजवीकडे तोच अँडर्स, टोपी पडून बोडका, ज्यांची सावलीही टाळायचा त्यांच्या घोळक्यात धापा टाकत, बायकोला घट्ट धरून. शेजारी दोघी बहिणी गालाला गाल लावून हसताहेत.

आता हा फोटो फाडतो, असं मला वाटलं.

"सोमवारच्या आत वाळेल ना हा?" त्याने विचारलं. "टोरबोर्गची गाडी सकाळची आहे."