नाक्यावरचा फळा आणि एक राहिलेलं नाव

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्यांना मे महिन्याची सुट्टी असते, दिवाळीची असते, मला पन्नास वर्षांत एकही मिळालेली नाही. धाकटी खार नावाच्या आमच्या गावाच्या नाक्यावर, एसटीच्या थांब्याच्या पत्र्याखाली, भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. समोरून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर दिवसभर धडधडत जातात आणि माझ्या तोंडावर धूळ उडवतात. त्यामुळे रंगाने काळा असूनही मी बहुतेक वेळ राखाडी दिसतो.

माझं लाकूड सागाचं आहे, आणि तेसुद्धा साधंसुधं नाही. पूर्वी मी खारबांधावरच्या उघाडीचं दार होतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि शेतातलं पाणी मात्र खाडीत जावं, म्हणून बांधात जे दार बसवतात ना, ते. बांध नवा झाला, सिमेंटची उघाडी आली आणि मी रिकामा झालो. तेव्हा गावातल्या रघू सुताराने मला घरी नेलं. त्याने माझ्या फळ्या रंधून गुळगुळीत केल्या, सांधे बसवले, करवंटीचा कोळसा वाटून मला काळा केला. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर पटाशीने दोन अक्षरं कोरली: रघू. मग मला उचलून भिंतीवर ठोकलं आणि माझी पाठ कायमची भिंतीकडे गेली. पुढून माझ्या कपाळावर मात्र तैलरंगात ठसठशीत ओळ आली, ‘सौजन्य’, आणि तिच्यापुढे खिळ्यांचा खर्च देणाऱ्या मिठागराच्या मालकाचं नाव. मला तेव्हा त्या ओळीचा फार अभिमान वाटायचा. लहान होतो मी, समज कमी होती.

माझ्यावर रोज बातम्या लिहायचं काम चांगदेव म्हात्रे गुरुजींनी अंगावर घेतलं. तेव्हा ते मिसरूड फुटलेले नवे मास्तर होते, आता त्यांची पंच्याहत्तरी जवळ आली आहे. सकाळी सातला रेडिओ ऐकून ते खडू घेऊन यायचे आणि तीन-चार ओळी लिहायचे. लढाई, निवडणूक, क्रिकेट, बंदरासाठी गेलेल्या जमिनी, सगळं माझ्या अंगावरून गेलं. विश्वचषक जिंकला त्या दिवशी तर अकराच्या अकरा खेळाडूंची नावं लिहिली होती, जागा पुरेना म्हणून शेवटची दोन चौकटीवर! संध्याकाळी गावकी बसली की तिचा निर्णयही माझ्यावरच चढायचा. आमच्याकडे रीतच होती, फळ्यावर चढलं की ठरलं. मग कोणी मोडता घालायचा नाही.

मग हाताहातात मोबाइल आले. माझ्याकडे बघायला कोणाला सवड उरली नाही. एकदा तर दिपेश पाटलाच्या वाढदिवसाचा बॅनर महिनाभर माझ्या तोंडावर बांधला होता. दिपेशचे चार ट्रेलर आहेत आणि गावातलं कोणतंही काम त्याच्यावाचून होत नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. त्या महिन्यात गुरुजी रोज यायचे, बॅनरची कड वर करून आत डोकं घालायचे आणि तिथेच बातमी लिहून जायचे. वाचणार कोण, तर मी.

पण एक माणूस कधी चुकलं नाही. गावामागच्या टेकाडावर कातकऱ्यांची वाडी आहे. तिथली एक बाई रोज उजाडता नाका झाडायला यायची. झाडून झालं की ओल्या फडक्याने मला पुसायची, कालची बातमी साफ. बावीस वर्षं. माझ्या अंगावरची गाठ कुठे आहे, चीर कुठे आहे, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. चिरेजवळ तिचा हात आपोआप हलका व्हायचा. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, एवढ्या वर्षांत मला तिचं नाव माहीत नव्हतं. नाक्यावर सगळे तिला ‘ए वाडीवरची’ म्हणायचे. मीही मनात तेच म्हणत होतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची एक जून महिन्यातली सकाळ. रात्रीच रेडिओवर बातमी ऐकलेली, म्हणून गुरुजी त्या दिवशी पावणेसातलाच आले. म्हातारे पाय, पण चाल बघण्यासारखी होती! त्यांनी नवा खडू काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘देशाच्या राष्ट्रपतिपदासाठी प्रथमच आदिवासी महिलेला उमेदवारी. ऐतिहासिक निर्णय.’

कितीतरी वर्षांनी माझ्यापुढे माणसं थांबली. शेजारीच चहाची टपरी आहे, ती चालवते नलू. तिने भांडं उतरवून ठेवलं आणि ओळ मोठ्याने वाचली.

“बाईमानूस हाय ना? मंग झाक झाला!” ती म्हणाली. “बाप्यांनी आजवर काय दिवं लावलं ते बगितला आमी.”

कमलेश ट्रेलर चालवतो. तो कपातला चहा फुंकत म्हणाला, “ह्यो सगला मतांचा खेल हाय, नलूकाकी. आदिवासींची मतं पायजेत, दुसरा काय नाय.”

“असंना का. तुजी मतं पायजेत म्हनून तुला कोन बसवतो का तिथं?”

सगळे हसले. दिपेश गाडी उभी करून आला, त्याने वाचलं आणि मान हलवली. “खुर्ची मोठी, काम सहीचा. कुनीबी बसला तरी चालतंय.” कोणी म्हणालं, चांगलं झालं, त्या लोकांनाही मान मिळाला पाहिजे. कोणी म्हणालं, आता सगळ्या जागा त्यांनाच. कौतुक होतं, कुचकट बोलणं होतं, सगळं होतं. मी खूश होतो, कारण सगळे माझ्याकडे बघून बोलत होते.

झाडू टेकून वाडीवरची बाई मागे उभी होती. गर्दी पांगल्यावर ती पुढे आली.

“गुरुजी, काय लिवलंय?”

गुरुजींनी वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं.

“आदिवासी म्हंजी आमीच ना?”

“होय गं, तुमच्यातलीच म्हणायची. लांबच्या मुलखातली आहे, पण तुमच्यातलीच.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग तिला नाव न्हाय काय?”

गुरुजींनी वळून आपलीच ओळ पुन्हा वाचली. नलूच्या हातातली गाळणी थांबली. सकाळपासून तीसेक माणसं बोलून गेली होती. बाई, आदिवासी, ती, त्यांच्यातली. नाव एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. गुरुजींनी ते ऐकलं होतं, त्यांना ते पाठही होतं. पण लिहिताना ती ऐतिहासिक आहे एवढंच त्यांना महत्त्वाचं वाटलं.

“किरकेटवाल्यांची नावं तं लिवता तुमी,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. विचारत होती.

गुरुजींनी खडू उचलला आणि ओळीच्या वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, ते नाव लिहिलं. तुम्हाला ते शाळेत पाठ आहे, मी वेगळं सांगत नाही. मग त्यांनी खडूचे हात धोतराला पुसले आणि खाली बघत विचारलं, “आणि तुझं नाव काय गं?”

“मैना. मैना वाघमारे.”

बावीस वर्षांनी! लाकडाला घाम येत नाही म्हणतात, पण त्या सकाळी मला आला असावा.

दुसऱ्या दिवशी मैनाने मला पुसलं, पण ते नाव तेवढं ठेवलं. फडकं नावाच्या कडेने वळवून नेलं. चार दिवस गुरुजी त्या नावाच्या खाली उरलेल्या जागेत बातम्या कोंबत होते. पाचव्या दिवशी मैना म्हणाली, “गुरुजी, पुसायच्या आदी मला एकएक अक्षर सांगाल?”

अशी आमची शाळा सुरू झाली. गुरुजी आता उजाडताच यायचे, आणि रोज सकाळी पुसण्याआधी एक अक्षर. गुरुजी त्यावर बोट ठेवायचे, मैना ते बोटाने गिरवायची आणि मग पुसायची. माझ्या अंगावर इतक्या हलक्या हाताने कोणी कधी लिहिलं नव्हतं.

जुलैत त्या बाई राष्ट्रपती झाल्या. वाडी ढोल घेऊन नाक्यावर उतरली आणि माझ्यापुढे नाचली. दिपेशने पेढे वाटले आणि फोटो काढून मोबाइलवर टाकला. फोटोत मध्यभागी दिपेश, त्याच्या हातात पेढ्यांचा खोका, मागे मी आणि कडेला मैनाचा अर्धा हात. पेढे गोड होते, असं सगळे म्हणाले. वाडीवर मात्र नळ नव्हता. गावातली पाण्याची लाइन टेकाडाच्या पायथ्याशी संपत होती, आणि वाडीच्या बायका खाडीकाठच्या विहिरीवर जात होत्या. उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी मचूळ होतं.

थंडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचाची जागा आदिवासी बाईसाठी राखीव होती. संध्याकाळी गावकी माझ्यापुढे बसली. वाडीची माणसं मागे, पत्र्याबाहेर उभी होती. दिपेश उभा राहिला.

“इलेक्शन नको, भांडन नको. बिनविरोध करू. वाडीवरची कुठलीपन एक बाई बसवू, कारभार मी बगतो. गुरुजी, लिवा. सरपंचपदी वाडीवरची महिला बिनविरोध.”

गुरुजींनी खडू घेतला. मित्रांनो, तुम्हाला आमची रीत सांगितली आहेच. ती ओळ माझ्यावर चढली असती तर ठरलंच असतं. मग कोणाच्याही नावाने फॉर्म भरला असता, कोणाचाही अंगठा घेतला असता आणि वाडीची पुढची पाच वर्षं दिपेशच्या खिशात गेली असती. खडू माझ्या अंगाला लागला, एक ठिपका उमटला आणि थांबला.

“नाव?” गुरुजी म्हणाले.

“ते मागून टाकू. घाई काय?”

“नावाशिवाय मी लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.”

कुजबूज सुरू झाली. मागून मैना पुढे आली. बसलेल्या माणसांनी आधी पाय बाजूला घेतले नाहीत, मग घेतले.

“मी भरते फारम,” ती म्हणाली. “माजं नाव लिवा.”

दिपेश हसला. तो वाईट माणूस नाही, सवय वाईट. “भर की! तू तं घरचीच. अंगठा दिलास की झाला, बाकीचा मी बगतो.”

“अंगठा न्हाय,” मैना म्हणाली, आणि तिने गुरुजींच्या हातातून खडू घेतला.

रोज मला पुसणारा हात पहिल्यांदा खडूने माझ्यावर लिहीत होता. म, मग मै, मग ना. आडनाव उतरणीला लागलं आणि शेवटचं अक्षर चिरेत अडकलं. मी जीव मुठीत धरून उभा होतो, म्हणजे मूठ असती तर धरला असता. तिने चिरेवरचा हात हलका केला, आणि अक्षर पुरं झालं. मैना वाघमारे.

सगळ्यांनी मान वर करून ते नाव वाचलं. मग नलू टपरीतून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चढला ना फळ्यावर? मंग ठरला. उटा आता, चा घ्या.”

आणि ठरलं. तिच्याविरुद्ध कोणी फॉर्म भरला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती नेहमीसारखी झाडू घेऊन आली. फडकं पिळून माझ्यापुढे उभी राहिली. गुरुजी म्हणाले, “अगं, आज राहू दे. तुझं नाव आहे.”

“कालचं ते, शिलं झालं, गुरुजी. हे पुसलं न्हाय तं आजचं कुठं लिवाल?”

तिने पुसलं. दुसऱ्या बाईचं नाव चार दिवस जपणाऱ्या हाताने स्वतःचं नाव एका फटक्यात पुसलं. मला फार भरून आलं.

सरपंच झाल्यावर तिने एक नवीच पद्धत पाडली. नाव लिहिता आलं तरी सरकारी कागद तिला अजून भराभर वाचता येत नाही. म्हणून सहीचा प्रत्येक कागद ती नाक्यावर आणते, गुरुजी तो माझ्यापुढे मोठ्याने वाचतात, नाक्यावरचे सगळे ऐकतात, मग ती सही करते. दिपेशने सुरुवातीला बरीच आदळआपट केली. आता कागद आणण्याआधी तो स्वतःच दोनदा वाचून येतो.

गेल्या उन्हाळ्यात टेकाडावर नळ चढला. चर खणायला वाडीच्या बायकाच उतरल्या होत्या. त्या सकाळी मैनाने गुरुजींकडून खडू मागून घेतला आणि स्वतः ओळ लिहिली: ‘वाडीवर नळ आला.’ आणि तिच्याखाली चर खणणाऱ्या चौदा बायकांची नावं. काशी, हेमाली, राही... जागा पुरली नाही, तेव्हा शेवटची दोन चौकटीवर लिहिली. वाडीवरून एकेक बाई येत होती आणि आपलं नाव कुठे आहे ते विचारत होती. मैना तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवत होती.

मित्रांनो, माझी चीर आता खालपर्यंत गेली आहे. रंग उडाला आहे, कपाळावरच्या सौजन्याच्या ओळीतलं फक्त ‘सौ’ उरलं आहे. मला नवा रंग द्यायचं ग्रामपंचायतीने ठरवलं आहे, तो कागदही माझ्यापुढेच वाचला गेला. तुमच्याही गावात माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्यावर बॅनर बांधू नका, ओल्या फडक्याने पुसा, वर्षातून एकदा काळा करा. आणि त्याच्यावर कुणाबद्दल लिहाल तेव्हा आधी नाव विचारा.

आमच्या गावकऱ्यांना माझी स्वतःची एकच विनंती आहे. रंगवायला मला भिंतीवरून उतरवाल, तेव्हा लगेच कामाला लागू नका. आधी मला पालथा करा, पाठीवरची पन्नास वर्षांची धूळ फुंकरीने उडवा. तिथे पटाशीने कोरलेली दोन अक्षरं आहेत. मैनाला म्हणावं, मोठ्याने वाच.