लाल टिपका

"माजीच कशी मरत्यात, आक्का? तुमच्यातलं एक तरी गेलं का?"

रेश्मा परसात उभी होती. तिच्या तळहातावर मेलेलं पिल्लू होतं. डोक्यावरच्या लाल टिपक्याभोवती रक्त सुकलेलं. बजाबाईनं कण्यांची वाटी खाली ठेवली. दोघी सख्ख्या जावा; चुली वेगळ्या झाल्या, परस मात्र एकच राहिलं होतं.

अंडी रेश्माची, वैरागच्या माहेराहून आणलेली. ती उबवणारी खुडूक कोंबडी बजाबाईची. पिल्लं निम्मी-निम्मी, असं ठरलं होतं. वाटणीला शेजारच्या ईरम्माला बोलावलं, कारण तिच्या घरात अंड्याला कुणी शिवत नाही. तिला कसला लोभ? तरी खूण हवीच, हा रेश्माचा हट्ट. बजाबाई टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होती. तिथला लाल रंग आणून तिनंच रेश्माच्या पिल्लांच्या डोक्यावर काडीनं टिपके लावले.

डालग्याच्या टोपलीखाली होती तोवर सगळी धड होती. काल पहिल्यांदा त्यांना मोठ्या कोंबड्यांत सोडलं आणि संध्याकाळी एक गेलं. आज हे दुसरं.

"मांजर असंल," बजाबाई म्हणाली.

"मांजराला बी माजीच गोड लागत्यात व्हय?"

रेश्मा दार आपटून आत गेली.

बजाबाईच्याही मनात शंका आली. भरपाई म्हणून सगळीच पिल्लं मागता यावीत, यासाठी रेश्माच काही करत नसेल ना? सुट्टीचा वार होता. ती मेथी निवडायचं निमित्त करून धुण्याच्या दगडावर बसली. नजर कोंबड्यांवर नव्हती, रेश्माच्या दारावर होती.

दार उघडलं नाही. पण कबरी कोंबडी दाणे टिपत आली, बिनखुणेच्या पिल्लाजवळून सरळ पुढं गेली आणि टिपक्याच्या पिल्लापाशी थांबली. मान तिरकी करून तिनं टिपक्याकडं पाहिलं. मग चोच मारली. पुन्हा तिथंच मारली. दुसरीही धावली. खुडूक कोंबडी पंख फुलवून मध्ये पडली, पण ती एकटी किती पुरणार?

बजाबाईनं टिपक्याची पिल्लं डालग्याखाली कोंडली. एकाला साबण लावून पाहिला. रंग पक्का होता.

"रेश्मा, भाईर ये. लवकर ये."

नुसतं सांगून तिला पटणार नाही, हे बजाबाईला माहीत होतं. तिनं आपल्यातलं दांडगं पिल्लू उचललं, त्याच्या डोक्यावर उरलेल्या रंगाचा लाल टिपका लावला आणि रेश्माच्या डोळ्यांदेखत सोडलं. कबरी आली. मान तिरकी झाली. रेश्माला नीट दिसावं म्हणून बजाबाई थोडी थांबली, मग झडप घालून तिनं पिल्लू उचललं. तिच्या बोटांना रक्त लागलं.

"बगितलंस? माजं बी मारतीया की. त्यो टिपकाच घात करतोय."

रेश्मा पिल्लाकडं नाही, बजाबाईकडं बघत होती.

"म्हंजे तुमाला ठाव हुतं."

"अगं, आत्ता कळलं!"

"मग रंग कुणी आणला? माज्याच पिल्लांना कुणी लावला?"

"तूच म्हणालीस की, खूण करा."

"खूण म्हणलं हुतं. लाल म्हणलं न्हवतं."

ते खरं होतं. रंगखात्यात निळा होता, हिरवाही होता. त्या दिवशी आपला हात लाल डब्याकडंच का गेला, हे बजाबाई आठवू लागली. सवाष्णीला लाल द्यावा म्हणून? की तो डबा जवळ होता म्हणून? तिला नक्की सांगता येईना.

रेश्मा डालगं उचलून आपली पिल्लं पाटीत भरू लागली.

"कोंबडी बी ने," बजाबाई म्हणाली. "आईबिगर गारठतील."

"आन् तुमची?"

"माजी चुलीपाशी ठिवते."

एका हातानं जखमी पिल्लू छातीशी धरून बजाबाईनं दुसऱ्या हातानं कोंबडी उचलली आणि पुढं केली. रेश्मानं लगेच घेतली नाही. आधी एक पंख उचलून तिनं खाली कुठं लाल टिपका नाही ना, ते पाहिलं. मग दुसरा उचलला. बजाबाई कोंबडी तशीच धरून उभी राहिली, तिचं बघून होईपर्यंत.