चहा अडला, मशीन अडलं

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. मला टोपी नाही, शिट्टी नाही, हातपायही नाहीत. मी संगणकाचा एक प्रोग्राम आहे. कोणते काम कशानंतर करायचे, हे लिहिलेली फाईल माझ्यापुढे ठेवली की मी ती ओळीओळीने वाचतो आणि क्रम कुठे चुकला ते सांगतो. माझ्यासारख्यांना संगणकवाले लायब्ररी म्हणतात, कारण दुसरे प्रोग्रामही मला उसने नेऊन वापरू शकतात. उसने नेतात हे खरे. परत आणून देत मात्र कोणी नाही.

माझा जन्म १९९६ साली संगमनेरजवळच्या पांढरमाळ दूध संघात झाला. अश्विनी साळवे तिथे संगणकावर काम करीत असे. मैत्रिणींनी फ्लॉपीवर दिलेले फुकटचे प्रोग्राम वाचून ती शिकली होती. म्हणून मला घडवल्यावर तिने मला कुलूप लावले नाही. माझी एकूण एक ओळ कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवली आणि वर लिहिले, 'घ्या, वापरा, सुधारा, वाटा.'

तिचे वडील रखमाजी डोक्याला हात लावून म्हणाले, "येवढं राबून फुकट वाटती व्हय गं?"

"दादा, मला तरी कुणी विकत शिकवलं?" अश्विनी म्हणाली.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. टाकी धुण्याआधीच दूध भरा असे कोणी लिहिले की मी लगेच ओरडत असे, आणि सगळे वाहवा करीत. मग लोकांना कळले की मी कोणाचीच भीड ठेवत नाही. चूक दाखवणारा सगळ्यांना आवडतो, पण फक्त शेजाऱ्याची चूक निघेपर्यंत!

त्यातच संघाने दूध थंड करायचे नवे मशीन आणले. कार्यालयाचे प्रमुख नारायणराव मनाने निर्मळ, पण पाहुणे म्हटले की त्यांच्या अंगात यायचे. उद्घाटनाचा क्रम त्यांनी स्वतः लिहिला. पाहुण्यांना आधी चहा, मग नारळ, नारळ फुटला की मशीन सुरू. इथवर ठीक होते. पण चहा नव्या मशीनमधल्या दुधाचाच हवा, असेही त्यांनी लिहून ठेवले.

मी ओरडलो, 'चहा मशीनची वाट पाहतो, मशीन नारळाची, नारळ चहाची. काम सुरू होणार नाही.'

"शुभकार्याच्या आदल्या दिवशी हा कसला अपशकुन?" नारायणराव कडाडले. "साळवेबाई, याचं तोंड बंद करा. आणि उद्या कार्यक्रम झाला की पुसूनच टाका."

"साहेब, तो म्हणतोय ते खरं आहे."

"अहो, इतके कार्यक्रम केले मी, एकही अडला नाही!"

अश्विनीचा नाइलाज झाला. तिने माझी तपासणी बंद केली. मी मुका झालो आणि नारायणरावांची फाईल बिनचूक ठरली.

दुसऱ्या दिवशी गावोगावचे दूध आले. जुने मशीन मोडीत निघाले होते. मांडवात पाहुणे चहाची वाट पाहत होते, आचारी दुधाची आणि ऑपरेटर मच्छिंद्र नारळाची. भिडेपोटी कोणी कोणाला विचारीना. सगळे एकमेकांकडे पाहून नुसते हसत होते, आणि उन्हात दुधाचे कॅन तापत होते.

शेवटी छबूबाई तरातरा कार्यालयात आली. तिच्या गावाचे सगळे दूध तिच्या भरवशावर आले होते. "बाई, दूध काय तुमच्या पावन्यासाठी थांबंल व्हय? अजून जरा येळ गेला तर वड्यात वतावं लागंल! मच्छिंद्र तर बटनाला हातबी लावंना. नारळाबिगर न्हाई म्हनतो."

अश्विनीने माझी तपासणी पुन्हा सुरू केली आणि नारायणरावांना बोलावून आणले. मी तीच ओळ दाखवली. नारायणरावांचे बोट पडद्यावर फिरले. चहा, मशीन, नारळ, चहा. पुन्हा फिरले आणि पुन्हा चहावरच आले.

"अरे देवा! मग यावर उपाय काय म्हणतो हा?"

"उपाय सांगत नाही तो, साहेब. गाठ कुठं बसली ते दाखवतो. सोडायची आपण."

माझा जीव टांगणीला लागला. नारायणरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि नव्या मशीनमधल्या दुधाची आपली ती लाडकी ओळ स्वतःच्या हाताने खोडली. "छबूबाई, तुमच्या कॅनमधलं तांब्याभर दूध द्या चहाला."

चहा आला. पहिला घोट घेताच पाहुणे खूश होऊन म्हणाले, "नव्या मशीनच्या दुधाची गोडीच न्यारी हाय!" मशीन तेव्हा लाल फीत बांधून मुकाट उभे होते. छबूबाईने तोंडाला पदर लावला. मग नारळ फुटला, मच्छिंद्रने बटण दाबले आणि एकही कॅन परत गेला नाही.

संध्याकाळी नारायणराव अश्विनीजवळ घुटमळले. "याला पुसायचं होतं ना? राहू द्या. आणि एक फ्लॉपी मलाही द्या. मेव्हण्याकडे लग्न आहे."

मित्रांनो, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर मी अकोल्यापासून शिर्डीपर्यंत फिरलो. पण माझ्यात एक खोट आहे. फाईलमध्ये रिकामी ओळ आली की मी गडबडतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे रिकामी ओळ टाळतात, पण मला उघडून ती खोट दुरुस्त कोणी करत नाही. एकटी अश्विनी रविवारी माझ्यापाशी बसते, आणि तिलाही घरची कामे असतातच. याचे मला वाईट वाटते.

मला पैसे नकोत, हारतुरेही नकोत. मला वाचा, दुरुस्त करा आणि पुढच्याला द्या. आणि मी ओरडलो, तर माझे तोंड दाबण्याआधी एकदा बाहेर डोकावून बघा. उन्हात कोणाचे तरी दूध उभे असेल.