अंड्यांची उभी फीत

संग्रहालयातल्या संशोधक बाईंनी जनुकांचा अहवाल तीनदा वाचला, तरी उत्तर बदलेना. सव्वीस वर्षं ज्या समुद्री गोगलगायीला त्या एकच जात म्हणत आल्या, तिच्या दोन जाती निघाल्या. रूप तेच, रंग तोच; पण दोन किनाऱ्यांच्या मधे खोल समुद्राचा पट्टा एवढा रुंद, की इकडची पिल्लं तिकडे जिवंत पोचतच नव्हती. लाखो वर्षं दोघींची सोयरीक झालेली नव्हती.

"बाई, नुसत्या डोळ्यांनी हे कुणाला कळणार होतं?" सहकारी म्हणाली.

बाईंना आठवलं: एकाला कळलं होतं.

संग्रहालयाच्या चित्रकाराला सगळे मामा म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायी जिवंत आणल्या, तेव्हा मामा टाकीपुढे स्टूल टाकून तासन् तास बसायचे. एकदा चहाच्या वेळी ते दोन चित्रं घेऊन आले. "बाई, आपल्याकडच्या गोगलगायी अंड्यांची लांब फीत आडवी गुंडाळतात. या उभी घालतात, झालरीसारखी. या एक नाहीत."

"मामा, तुम्ही रंग भरा," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. "नावं द्यायचं काम आमच्याकडे सोडा."

सगळे हसले. मामाही हसले. मग बाईंनी त्यांना फीत आडवी करून चित्र पुन्हा काढायला लावलं, आणि आपल्या पुस्तकात तेच छापलं.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मामांच्या घरी गेल्या. सुनेनं दार उघडलं. मामा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते.

"मामा, त्या फितीचं तुमचंच बरोबर होतं."

"माहीत होतं मला."

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"ते सोडा हो." मामांनी दोरा तोडला. "पण त्यानंतर मी तुम्हाला विचारून काढायला लागलो. निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं. तुम्ही म्हणाल तो आकार, तुम्ही म्हणाल तो रंग. नोकरी होती ना."

"सगळीच चित्रं?"

"कुठली बघून काढली नि कुठली ऐकून, आता मलाही सांगता यायचं नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरोबर आणलेली माफी आता फारच किरकोळ वाटत होती, तरी त्यांनी ती मागितली. मामांनी मान हलवली आणि शर्टाची घडी घातली.

बाईंनी संचालकांना लेखी कळवलं: त्या अकरा वर्षांतल्या चित्रांवर विसंबू नये, दोष सर्वस्वी माझा.

"आठ महिन्यांवर निवृत्ती आली तुमची," संचालक म्हणाले. "एवढं लिहायलाच हवं का?"

"हवं."

नव्या लेखात बाईंनी दुसरी जात प्रथम ओळखणारे म्हणून मामांचं नाव घातलं आणि मसुदा त्यांच्याकडे पाठवला. आठवड्यानं तो परत आला. नावाबद्दल एक अक्षर नव्हतं. फितीच्या वर्णनाशेजारी मात्र पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वेढे सहा नव्हेत, सात. टाकीत त्यांची पैदास अजून चालू आहे. मोजून बघा.'

बाई खाली गेल्या, टाकीपुढे स्टूल ओढलं आणि मोजलं. सातच होते.